ऑक्सिजन सेन्सर बदलायचाय? ओरिजिनल की युनिव्हर्सल ते ठरवायच्या आधी वायरी मोजा

मागच्या पावसाळ्यात मुंबईहून येताना कसारा घाटात माझ्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला आणि डोकंच फिरलं, कारण ऑक्सिजन सेन्सर बदलून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. इगतपुरीला चहाला थांबलो, गाडी गार होऊ दिली, मोबाईलचा टॉर्च मारून खाली वाकून बघितलं तर नव्या सेन्सरच्या वायरी जिथे जोडल्या होत्या तिथली काळी टेप पाईपाच्या धगीने वितळून पाकासारखी लोंबत होती आणि आतल्या दोन वायरी उघड्या पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. सेन्सर बिचारा चांगलाच होता. तो युनिव्हर्सल, म्हणजे त्याला कपलर (गाडीच्या वायरीला खटकन बसणारा प्लास्टिकचा प्लग) नसतो, जुन्याचा कपलर कापून त्याला जोडायचा, आणि ज्याने जोडला त्याने घरातल्या ट्यूबलाईटची वायर जोडावी तसा पीळ मारून टेप गुंडाळून दिलेली. वाचवलेले पैसे तिथेच गेले, वर दुसरा सेन्सर आणि एक सुट्टी.

तेव्हापासून सोसायटीत कुणाचाही दिवा लागला की मला विचारतात, ओरिजिनल घेऊ का युनिव्हर्सल घेऊ? मी उलट विचारतो, वायरी किती आहेत? ते कुणालाच माहीत नसतं, आणि निम्मं उत्तर तर तिथेच आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी मेकॅनिक नाही, पण हात काळे करायची सवय आहे आणि पैसे घालवून शिकलोय.

आधी हा सेन्सर करतो काय ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय पुढचं नुसतं पाठांतर होईल. एक्झॉस्टच्या पाईपात स्पार्क प्लगसारखा आटे लावून बसवलेला असतो. आत झिर्कोनियाचं सिरॅमिक, त्याच्या एका बाजूला जळालेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची साधी हवा, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जो फरक पडतो त्यावर तो व्होल्टेज तयार करतो. पेट्रोल जास्त जातंय म्हणजे गाडी रिच चालतीय तर ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त म्हणजे लीन असेल तर ०.१ च्या आसपास. गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हे बघून इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल कमीजास्त करत राहतो, एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे गणित धरून. बॉशने हा प्रकार १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आणला तेव्हा त्याला एकच वायर होती. पण सिरॅमिक साधारण ३०० डिग्रीच्या पुढे तापल्याशिवाय कामच करत नाही, तोपर्यंत गाडी अंदाजाने पेट्रोल पित राहते, म्हणून पुढे आत हीटर टाकायला लागले आणि वायरी वाढल्या. डिसेंबरात नाशिकची थंडी बघा, सकाळी गंगापूर रोडवरून मुलाला शाळेत सोडून परत, एवढ्याशा फेरीत हीटर गेलेला सेन्सर धड तापतही नाही आणि मग आपण म्हणतो अ‍ॅव्हरेज पडलं.

तर वायरी. एक वायर म्हणजे फक्त सिग्नल, जुनी पद्धत. तीन म्हणजे सिग्नल आणि हीटरच्या दोन, अर्थिंग पाईपातूनच घेतो. चार म्हणजे सिग्नल, त्याची वेगळी अर्थिंगची वायर आणि हीटरच्या दोन, आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत हाच. पाच किंवा सहा वायरी दिसल्या तर तो वाइडबँड, म्हणजे हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण मोजणारा, ज्याला एअर फ्युएल सेन्सर पण म्हणतात, आणि तिथे युनिव्हर्सलचा विषयच बंद, का ते पुढे सांगतो.

आता एक महत्त्वाचं, दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. सेन्सर हा निरोप्या आहे, आणि आपल्याकडे वाईट निरोप आणला म्हणून निरोप्यालाच बदलायची पद्धत पडलीय. ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ चा स्वस्त स्कॅनर घ्या, गाडीच्या ओबीडी (गाडी स्वतःचे बिघाड नोंदवते ती यंत्रणा) सॉकेटात लावा, मोबाईलला जोडा आणि कोड वाचा. पी ०१३० ते पी ०१३५ हे इंजिनाजवळच्या पहिल्या सेन्सरचे, पी ०१३६ ते पी ०१४१ हे कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर साफ करणाऱ्या डब्याच्या) नंतर बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरचे. पी ०१३५ आणि पी ०१४१ हे हीटरचे कोड आहेत आणि हे आले की पहिल्यांदा फ्यूज बघा, दहा रुपयांचा फ्यूज उडालेला असतो आणि माणूस हजारोंचा सेन्सर आणायला निघालेला असतो. फ्यूज ठीक असेल तर कपलर सोडवून सेन्सरकडच्या हीटरच्या दोन वायरींत मल्टिमीटरने ओहम मोजा. गार सेन्सरला काही ओहमपासून पंधरा-वीस ओहमपर्यंत काहीतरी रीडिंग आलं पाहिजे, काहीच आलं नाही तर हीटर आतून तुटला, मग मात्र सेन्सरच गेला.

पी ०१७१ म्हणजे लीन आणि पी ०१७२ म्हणजे रिच, हे आले तर सेन्सरला हात लावायच्या आधी हवा कुठे लीक आहे का, एअर फिल्टर, इंजेक्टर, पेट्रोलचं प्रेशर हे बघायचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पाईपाचं, गॅस्केट फुटलेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर खरं तेच सांगतो की बाबा इथे ऑक्सिजन जास्त आहे, आपण त्यालाच खोटा ठरवतो. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर टकटक आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, तर संशय गॅस्केटवर घ्या. आणि पी ०४२० आला म्हणून दुसरा सेन्सर बदलणारे तर मी ढिगाने बघितलेत, तो कोड म्हणतोय की कन्व्हर्टर दमलाय, सेन्सर फक्त तक्रार करतोय. त्यावर सेन्सरखाली नळीचा तुकडा लावून त्याला पाईपाच्या बाहेर काढून फसवायचा एक जुगाड चालतो. दिवा विझतो, कन्व्हर्टर तसाच दमलेला राहतो.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं. बाहेरून सिक्वेन्शियल किट बसवलं असेल तर बऱ्याचदा किटवाल्याने सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीतून एक जोड काढून किटच्या ईसीयूला, म्हणजे किटच्या कॉम्प्युटरला, दिलेला असतो. तो जोड ढिला झाला, हिरवा पडला की सिग्नल गंडतो आणि दिवा लागतो. आधी तो जोड शोधा. ओळखीतल्या एका रिक्षावाल्या मामांच्या दुसऱ्या गाडीत नेमकं हेच होतं, सेन्सर दोनदा बदलून झाल्यावर कळलं.

सेन्सर जिवंत आहे का ते स्कॅनरच्या लाईव्ह डेटात पण दिसतं. गाडी पूर्ण गरम करा, अडीच हजार आरपीएमवर धरा, पहिल्या सेन्सरचं व्होल्टेज खालीवर खालीवर नाचलं पाहिजे. एक्सलेटर झटक्यात दाबून सोडा, दाबताना वर जाईल, सोडल्यावर खाली पडेल. एकाच आकड्याला चिकटून बसला किंवा म्हातारा जिना चढतो तसा हळूहळू चढत असेल तर गेला समजा. वाइडबँडला हा खालीवर नाच बघायचा नाही, त्याचं काम वेगळं.

आता दुकानात जाऊ. दुकानात ओरिजिनल आणि युनिव्हर्सल असे दोनच प्रकार नसतात, चार असतात, आणि सगळा घोळ इथेच आहे. पहिला गाडी कंपनीच्या खोक्यातला, कंपनीचा शिक्का आणि होलोग्रामवाला. दुसरा सेन्सर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातला, बॉश, डेन्सो, किंवा एनजीकेचा एनटीके, पण तुमच्याच गाडीचा कपलर आणि तुमच्याच लांबीची वायर लावून आलेला. तिसरा त्याच बनवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी युनिव्हर्सल, मोकळ्या वायरींचा, सोबत जोडायचं किट आणि रंगांचा तक्ता. आणि चौथा प्लास्टिकच्या पिशवीतला, ज्याच्यावर नाव नाही नंबर नाही, त्याला दुकानदार कधी ओरिजिनल म्हणतो कधी युनिव्हर्सल, गिऱ्हाईक बघून. लोक युनिव्हर्सलला शिव्या घालतात त्यातल्या निम्म्या या चौथ्याच्या वाटणीच्या असतात.

गाडी कंपन्या सेन्सर स्वतः बनवत नाहीत हो, याच दोन-चार सेन्सरवाल्यांकडून घेऊन आपल्या खोक्यात घालतात. म्हणजे पहिला आणि दुसरा बऱ्याचदा एकच वस्तू, फक्त खोकं वेगळं. आमच्या शेजारचे काका मायकोत होते, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी नाशकात सर्कल अजून मायको सर्कलच आहे आणि काकाही मायकोवालेच. त्यांचं आयुष्य नोझलमध्ये गेलं, या सेन्सरशी संबंध नाही, पण मी कंपनीचं खोकं कौतुकाने दाखवलं तेव्हा म्हणाले, अरे खोकं काय वाचतोस, पार्ट वाच. सेन्सर फिरवून बघितला तर अंगावरच बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर कोरलेला. जुना सेन्सर काढल्यावर हेच करायचं, कापडाने पुसून त्याच्या षटकोनाजवळ बघा, बॉशचा असेल तर नंबर ० २५८ ने सुरू होतो, एनटीकेच्या बऱ्याच साध्या झिर्कोनिया सेन्सरचा ओझेडए ने. तो नंबर फोटो काढून घ्या. ज्याने मूळ सेन्सर बनवला त्याचाच दुसऱ्या प्रकारचा खोका मिळाला तर माझ्या मते विषय संपला, कपलर तयार, वायर मापाची, आणि कंपनीच्या काउंटरपेक्षा बराच स्वस्त.

मला स्वतःला मिळालेले भाव सांगतो, माझ्या २०१२ च्या पेट्रोल हॅचबॅकचे, तुमच्या गाडीचे वेगळे असतील. कंपनीच्या काउंटरला ५,५००, सेन्सरवाल्याच्या खोक्यात कपलरसकट ३,८००, नावाचा युनिव्हर्सल १,८००, आणि पिशवीतला ७००. पहिल्या वेळी मी १,८०० वाला घेतला, त्यात जोडणावळ दिली, मग पंधरा दिवसांनी ३,८०० वाला घेतला. बेरीज तुम्हीच करा.

मग युनिव्हर्सल कधी घ्यायचा? माझं मत असं की चार गोष्टी जुळल्या तरच. गाडी जुनी, साधा झिर्कोनिया सेन्सर, एक ते चार वायरी. तुमच्या गाडीचा कपलरवाला एक तर मिळतच नाही किंवा भाव गाडीच्या लायकीबाहेर. जुना कपलर पिनांसकट चांगला आहे, हिरवा पडलेला नाही, क्लिप तुटलेली नाही, कारण युनिव्हर्सलमध्ये तो जुना कपलरच परत वापरायचाय आणि बिघाड कपलरमध्येच असेल तर तो तुम्ही नव्या सेन्सरला आंदण देताय. आणि चौथं, जोडणारा माणूस तुमच्या समोर नीट क्रिम्प करून, म्हणजे धातूची नळी दाबून जोड मारून, देणार असेल, नाहीतर तुम्ही स्वतः. दुसऱ्या नंबरच्या म्हणजे कन्व्हर्टरच्या नंतरच्या सेन्सरला युनिव्हर्सल मला त्यातल्या त्यात चालतो, पहिल्याला मी आता लावणार नाही, कारण पेट्रोल किती जायचं ते मुख्यतः पहिलाच ठरवतो.

आणि कधी अजिबात नाही? गाडी वॉरंटीत आहे तर कंपनीकडेच जा, वायर कापलेली दिसली की ते हात वर करतात. बीएस सिक्सच्या गाड्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, त्यांचं ओबीडी हीटरला किती करंट जातो तेही बघत असतं, युनिव्हर्सलचा हीटर वेगळ्या वॅटचा निघाला तर सेन्सर ठणठणीत असूनही हीटरचा कोड येतो. वाइडबँडला तर नाहीच. बॉशच्या बऱ्याच वाइडबँडमध्ये कपलरच्या आत एक बारीकसा रेझिस्टर असतो, फॅक्टरीत त्या एका सेन्सरसाठी मोजून ट्रिम केलेला. जुन्याचा कपलर कापून नव्याला लावला म्हणजे एकाचा चष्मा काढून दुसऱ्याच्या डोळ्यावर ठेवला, दिसेल काहीतरी पण खरं नाही. शिवाय काही जपानी गाड्यांत चार वायरींचाही एअर फ्युएल सेन्सर असतो, दिसायला अगदी साध्यासारखा, म्हणून नुसत्या वायरी मोजून थांबू नका, पार्ट नंबर टाकून बघाच. तसंच टायटानियाचे सेन्सर काही जुन्या गाड्यांत आले होते, ते व्होल्टेज तयार करत नाहीत, त्यांचा रेझिस्टन्स बदलतो, तिथे झिर्कोनियाचा युनिव्हर्सल लावून उपयोग शून्य.

टू व्हीलरवाले विचारतात म्हणून, बीएस सिक्स आल्यापासून बहुतेक बाईक स्कूटरमध्येही हा सेन्सर आलाय, आटे बऱ्याचदा कारपेक्षा बारीक, वायर आखूड, तिथे जुगाड करायला जागाच नसते. कंपनीचा घ्या आणि मोकळे व्हा.

आता ज्यांनी तरीही युनिव्हर्सल घ्यायचं ठरवलंय त्यांच्यासाठी, इथे नीट लक्ष द्या, कारण सेन्सर याच पायरीला मरतो. वायरींचे रंग. बॉशच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी अर्थिंगची. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी अर्थिंगची. बघितलंत का काय होतंय? बॉशमध्ये काळी म्हणजे सिग्नल आणि डेन्सोत काळी म्हणजे हीटर. रंगाला रंग जोडणाऱ्या हुशार माणसाने काळीला काळी, पांढरीला पांढरी जोडली की सेन्सरच्या सिग्नलच्या वायरीत बॅटरीचे बारा व्होल्ट घुसले. नवा सेन्सर चावी फिरवताच खलास, ईसीएमचं नशीब असेल तर तो वाचतो. म्हणून रंग नाही, काम जुळवायचं. एकाच रंगाच्या दोन वायरी म्हणजे जवळपास नेहमीच हीटर, त्या दोघींत उलटसुलट चालतं. मल्टिमीटरने त्या दोन्हींत ओहम आले की खात्री. उरलेल्या दोन खोक्यातल्या तक्त्यावरून बघा. तक्ता नसेल तर तो सेन्सर घेऊच नका, मी गंमत करत नाहीये.

कापायच्या आधी जुन्या सेन्सरची पूर्ण लांबी मोजा, नव्याची जोडून तेवढीच व्हायला हवी. लांब ठेवली तर लोंबून पाईपाला टेकते, आखूड झाली तर इंजिन हलताना ताण येतो. जॉईंट पाईपापासून निदान वीतभर लांब आणि चारही जॉईंट एका रांगेत नको, मागेपुढे घ्या म्हणजे एक उघडा पडला तरी शेजाऱ्याला शिवणार नाही. किटमधल्या धातूच्या नळ्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा, वायर ओढून बघा, मग वरून हीट श्रिंकची स्लीव्ह. टेप नको. टेपचं काय होतं ते मी इगतपुरीला बघितलंय.

आणि सोल्डर पण नको. इथे चांगले चांगले इलेक्ट्रिशियन भांडतात, म्हणतात सोल्डरपेक्षा पक्का जॉईंट कुठला. इतर ठिकाणी मान्य. पण मघाशी म्हटलं ना की सेन्सरला एका बाजूला बाहेरची हवा लागते, ती हवा बऱ्याच सेन्सरमध्ये याच वायरीच्या आतून, तारांच्या मधल्या फटींतून आत जाते. सोल्डर वितळून तारांत वरपर्यंत शोषलं जातं आणि ती वाट बुजते, मग सेन्सरला तुलनेला हवाच मिळत नाही आणि तो चुकीचं सांगायला लागतो. याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही आणि स्प्रे मारायचा नाही, ओरिजिनल सेन्सर असला तरीही.

काढायचं-बसवायचं काम दोघांना सारखंच. पाना २२ चा लागतो, पण साधा सॉकेट वायरीमुळे बसत नाही, बाजूने चीर असलेला सेन्सर सॉकेट मिळतो तो आणा किंवा गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागा. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळी इंजिन थोडं कोमट करून काढा, कडक गरम नको, हात भाजतो, आणि पूर्ण गार असताना जोर लावला तर आट्यांसकट निघतो. माझ्या मित्राने अंबडला कंपनीच्या पार्किंगमध्ये पान्याला पाईप लावून ओढला आणि आटेच गेले, मग मॅनिफोल्ड खोलून आटे पाडून आणले, सेन्सरपेक्षा मजुरी जास्त. कारच्या सेन्सरचे आटे सहसा एम १८ गुणिले १.५ असतात, त्या मापाचा टॅप हाताने फिरवून घेतला तर नवीन सेन्सर बोटाने बसतो.

जुना काढला की त्याचं टोक बघा. काळी मऊ काजळी म्हणजे गाडी रिच चालत होती. पांढरट थर म्हणजे सिलिकॉनचा सीलंट किंवा कूलंट जळतोय, तपकिरी राखेसारखं म्हणजे ऑइल. हे कारण तसंच ठेवून नवा लावला तर ५,५०० चा काय आणि १,८०० चा काय, दोघांचा शेवट एकच. अलीकडे इंजिनचं काम केलं असेल तर फिटरने लाल-निळा साधा सिलिकॉन थापला होता का विचारा, ऑक्सिजन सेन्सरला चालणारा वेगळा येतो आणि ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं.

नव्याच्या आट्यांना बहुतेक वेळा फॅक्टरीतूनच अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं मलम) लावलेलं असतं. नसेल तर थोडंसं लावा, पण टोकाला लागू देऊ नका. टोकाला बोट पण लावू नका, आणि खाली पडला तर तो सेन्सर गेला धरा, आत सिरॅमिक आहे, कपबशीसारखं. आधी हाताने पूर्ण बसवा, मग ४० ते ५० न्यूटन मीटरला आवळा, आणि कपलर सगळ्यात शेवटी जोडा, नाहीतर सेन्सर फिरवताना वायरीला पीळ पडतो. वायर मूळच्या क्लिपांमध्ये परत अडकवायची, ही गोष्ट दहातले नऊ जण विसरतात.

दुकानाबद्दल राहिलंच. आमच्या नाशकातल्या द्वारकेला जा नाहीतर ऑनलाईन मागवा, जुना सेन्सर हातात ठेवा आणि कपलर काउंटरवरच लावून बघा, खाचा, पिनांची संख्या, वायरीची लांबी. इलेक्ट्रिकचा माल परत नाही हे पाटीवर लिहिलेलं असतंच आणि युनिव्हर्सलची वायर एकदा कापली की देव आला तरी परत घेणार नाही. बिल मागा, बिलावर पार्ट नंबर लिहून मागा. बिल नको तर दोनशे कमी करतो म्हणाला की तो चौथ्या प्रकारातला आहे असं समजून मिसळ खायला निघून जा.

सगळं झालं की कोड क्लिअर करा आणि गाडी मोकळ्या रस्त्याला न्या. मी त्र्यंबकला जाऊन आलो, जाताना पहिल्या दहा मिनिटांत गाडी थोडी अडखळली कारण नव्या सेन्सरवर ईसीएम आकडे नव्याने शिकत असतो, येताना मस्त. घरी येऊन लाईव्ह डेटा बघितला, पहिला नाचतोय, दुसरा ०.६-०.७ ला जवळपास शांत, म्हणजे कन्व्हर्टरही ठीक. दुसऱ्या दिवशी पीयूसी काढली. बीएस फोर पेट्रोल गाडीला वाढवलेल्या आरपीएमवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं १४.७ चं गणित) ०.९७ ते १.०३ च्या मध्ये लागतो, माझा १.००१ आला. ती स्लिप सेन्सरच्या बिलाला स्टेपल करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलीय.